रंग गेला कुठे? : कार्बन-उत्प्रेरकांच्या दाव्यांची तपासणी

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या दोन मुलांनी नारळाच्या करवंटीचा कोळसा करून, तो खलात अगदी बारीक कुटून प्रयोग मांडला होता. फलकावर लिहिले होते, ‘नॅनोकार्बन उत्प्रेरकाने सांडपाण्याचे शुद्धीकरण’. बाटलीत मिथिलीन ब्लूचे निळे पाणी घ्यायचे, त्यात चमचाभर काळी पूड आणि थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचे, दहा मिनिटे हलवायचे आणि गाळायचे. गाळून येणारे पाणी स्वच्छ. मुले बोलकी होती, तक्ता सुबक होता. आम्ही पहिला क्रमांक देऊन मोकळे झालो.

संध्याकाळी आवराआवर चालली असता प्रयोगशाळेचे परिचर काका नरसाळी स्पिरिटने धूत होते. गाळणकागदावरच्या कोळशावरून उतरलेले स्पिरिट निळे होते. काकांना त्यात विशेष काही वाटले नाही. आम्हाला मात्र वाटले. कारण ‘रंगाच्या रेणूंचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते’ हे तक्त्यावरचे वाक्य तासाभरापूर्वी आम्हीच वाखाणले होते.

ते वाक्य मुलांनी स्वतः रचलेले नव्हते. गेल्या दशकभरात वृत्तपत्रांतल्या विज्ञानविषयक बातम्यांतून आणि खुद्द शोधनिबंधांतूनही ते असंख्य वेळा येऊन गेले आहे. तेव्हा मुलांना दोष देण्यापेक्षा हे वाक्य कोणत्या आधारावर उभे आहे ते तपासणे बरे. या लेखात आम्ही तेच करणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी. कार्बनची अब्जांश रूपे आता शिक्षकांना नवी नाहीत. १९८५ साली फुलरीनचा शोध लागला, १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि २००४ मध्ये मँचेस्टरच्या गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफीनचा एकपदरी पापुद्रा वेगळा करून दाखविला. सांडपाण्याशी यांची गाठ पडली ती पुढे. पाण्यातली चिवट सेंद्रिय द्रव्ये नष्ट करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा परसल्फेट यांसारखे ऑक्सिडीकारक वापरतात. पण ते आपणहून फार संथ काम करतात, त्यांना ‘जागे’ करावे लागते. यासाठी लोह किंवा कोबाल्ट वापरण्याची पद्धत माहीत होती. कोबाल्ट तर परसल्फेटच्याच कुळातल्या पेरॉक्सिमोनोसल्फेटला फारच थोड्या प्रमाणात जागे करते. अडचण एवढीच, की कोबाल्ट स्वतःच विषारी. अशा वेळी २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथील कर्टिन विद्यापीठाच्या गटाने ग्राफीन ऑक्साइडपासून केलेले ग्राफीन हेच काम धातूविना करते असे दाखविले. त्यांनी फिनॉल, डायक्लोरोफिनॉल आणि मिथिलीन ब्लू ही द्रव्ये घेतली होती. त्यानंतर ‘धातुरहित कार्बन-उत्प्रेरक’ या विषयावर निबंधांचा पूर आला.

उत्प्रेरकाची व्याख्या आपण नेहमी फळ्यावर लिहितो. जो अभिक्रियेचा वेग बदलतो, अल्प प्रमाणात पुरतो आणि अभिक्रियेच्या अखेरीस स्वतः जसाच्या तसा राहतो तो उत्प्रेरक. ही व्याख्या परीक्षेत दोन गुणांपुरती आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिच्यातला एकेक तुकडा या निबंधांना लावून पाहिला, तर बराच पसारा गळून पडतो.

पहिला तुकडा अभिक्रियेचा. मुळात अभिक्रिया झाली का? मिथिलीन ब्लू हा रंग सच्छिद्र कोळशाला इतका घट्ट चिकटतो, की सक्रिय कोळशाची अधिशोषणशक्ती मोजण्याची एक सर्वमान्य चाचणीच या रंगावर बेतलेली आहे. चांगल्या प्रतीचा एक ग्रॅम सक्रिय कोळसा दोनशे मिलिग्रॅम आणि त्याहूनही अधिक मिथिलीन ब्लू धरून ठेवतो. आता प्रयोगशाळेत नेहमी घेतात तशी मात्रा घेऊ. लिटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणात रंगाचे १०० मिलिलिटर द्रावण, म्हणजे १ मिलिग्रॅम रंग. आणि त्यात ५० मिलिग्रॅम कार्बन. वरच्या हिशोबाने एवढा कार्बन दहा मिलिग्रॅम रंग नुसता चिकटवून घेऊ शकतो. आपण दिला एकच मिलिग्रॅम. मग ‘तीस मिनिटांत ९९ टक्के रंग नाहीसा’ या आकड्याने नवल वाटायचे कारण काय? धर्मशाळेत शंभर माणसांची सोय आहे, दहा उतरली. यात धर्मशाळेचा चमत्कार कसला?

याच आकड्यांवर व्याख्येतला ‘अल्प प्रमाणात’ हा भागही तपासता येतो. अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून हा हिशोब जरूर करवून घ्यावा. मिथिलीन ब्लूचे रेणुवस्तुमान सुमारे ३२०, म्हणून १ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ३.१ मायक्रोमोल. कार्बन ५० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ४,१७० मायक्रोमोल. रंगाच्या एका रेणूमागे कार्बनचे तेराशेहून अधिक अणू झाले. सगळेच अणू पृष्ठभागावर नसतात आणि पृष्ठभागावरचे सगळेच कामाचे नसतात, हे मान्य. तरीही कामाची एक जागा किती रेणूंचा निकाल लावते, हा आकडा कित्येक निबंधांतून शोधूनही सापडत नाही. आणि उत्प्रेरकाचा खरा कस तर त्याच आकड्यात आहे.

रंग जाणे आणि रेणू मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवायला शिक्षकांच्या हाताशी एक सुंदर प्रयोग आहे. पाण्यात ग्लुकोज आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून त्यात मिथिलीन ब्लूचे काही थेंब टाकावेत आणि बाटलीला बूच लावून ती स्वस्थ ठेवावी. थोड्या वेळात द्रावण रंगहीन होते. बाटली हलविली, की हवेतला ऑक्सिजन मिसळून पुन्हा निळे. ठेवली, की पुन्हा रंगहीन. रेणूचा सांगाडा सबंध वेळ शाबूत असतो, केवळ त्याचे क्षपण आणि ऑक्सिडीकरण होत राहते. (कॉस्टिक सोडा हातावर येऊ देऊ नये, हे सांगणे न लगे.) वर्णमापकावरचा आकडा शून्यावर आला म्हणून प्रदूषण संपले असे मानणारा माणूस या बाटलीपुढे फसेल.

आणखी एक बारकावा. काही संशोधक रंगाऐवजी पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजतात. हे निश्चितच चांगले. पण द्रव्य कोळशाला चिकटले तरीही पाण्यातला सेंद्रिय कार्बन कमी होतोच. म्हणून ऑक्सिडीकारक न घालता तेवढाच कोळसा आणि तेवढेच पाणी घेऊन जोडप्रयोग करायला हवा, आणि शेवटी कोळसा योग्य द्रावकाने धुऊन काय उतरते ते मोजायला हवे. परिचर काकांनी नकळत केला तो प्रयोग हाच.

आता दुसरा प्रश्न. समजा, अभिक्रिया खरोखर झाली. ती कोणामुळे झाली? कार्बन-नॅनोनळ्या वाढवितात त्या बहुधा लोह, कोबाल्ट किंवा निकेल यांच्या सूक्ष्म कणांवर. नंतर आम्लाने धुतात. पण कार्बनच्या थरांत बंदिस्त झालेले कण धुऊनही मागे उरतात. ग्राफीन ऑक्साइड बनविण्याची १९५८ सालची हमर्स यांची पद्धत तर पोटॅशियम परमँगनेटवर आधारलेली आहे, म्हणजे मँगनीज आलेच. आणि लोह, कोबाल्ट, मँगनीज हीच तर परसल्फेट-पेरॉक्साइडच्या कुळाला जागे करणारी मंडळी! २००६ मध्ये ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने दाखवून दिले, की नॅनोनळ्यांच्या विद्युत-उत्प्रेरणाची काही गाजलेली उदाहरणे ही वस्तुतः त्यांतल्या धातूच्या अशुद्धीची करामत होती. २०१३ मध्ये सिंगापूरमध्ये मार्टिन प्युमेरा आणि सहकाऱ्यांनी ‘धातुरहित’ म्हणविणाऱ्या ग्राफीनबद्दल तेच दाखविले. तिथे चोर निघाला मँगनीज. हे दोन्ही अभ्यास विद्युत-रसायनातले आहेत, सांडपाण्याचे नव्हेत. परंतु माल तोच आहे, बनविण्याची रीतही तीच आहे. तेव्हा शंका इथेही लागू पडते. ‘धातुरहित’ हे विशेषण लावण्याआधी धातू किती आहे ते मोजून सांगणे हे लेखकाचे काम आहे, वाचकाने ते गृहीत धरायचे नसते.

प्युमेरा यांचीच पुढची एक कृती या विषयातल्या टीकेचा नमुना म्हणून दाखविण्यासारखी आहे. ग्राफीनमध्ये नायट्रोजन, बोरॉन, गंधक, फॉस्फरस अशी निरनिराळी मूलद्रव्ये मुद्दाम मिसळायची, आणि प्रत्येक वेळी ‘उत्प्रेरण वाढले’ असा निबंध लिहायचा, अशी रीतच पडली होती. प्युमेरा तोवर प्रागला गेले होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांची विष्ठा घेतली. तिच्यात नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक सारे आयतेच असते. ती ग्राफीनमध्ये घालून पाहिली, आणि विष्ठायुक्त ग्राफीन साध्या ग्राफीनपेक्षा सरस ठरले! २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचे शीर्षकच, ग्राफीनमध्ये कोणतीही घाण घातली तरी उत्प्रेरण वाढेल काय, अशा अर्थाचे आहे. त्यांनी एक हिशोबही मांडला. मिसळण्याजोगी मूलद्रव्ये ८४ धरली, तर एकेक मिसळून ८४ निबंध. दोन-दोन घेतली तर ३,४८६. तीन-तीन घेतली तर ९५,२८४. आणि चार-चार घेतली तर सुमारे १९ लाख. गणिताच्या शिक्षकांनी संयोगांच्या पाठात हे उदाहरण अवश्य घ्यावे. आम्हाला या निबंधातली थट्टा आवडते, पण त्याहून अधिक आवडते ती ही गोष्ट, की त्यांनी नुसती टर उडविली नाही, प्रयोग करून दाखविला.

इतके सगळे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील, की कार्बन उत्प्रेरक नाहीच. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कार्बनची उत्प्रेरणशक्ती जुनी आणि खरी आहे. पिण्याच्या पाण्यातले क्लोरामाइन काढण्यासाठी सक्रिय कोळसा वापरतात, तिथे तो त्याचे विघटन घडवून आणतो. औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये सक्रिय कोळशाचे दाणे टाकले, तर ऑक्सिजनचे बुडबुडे निघताना वर्गात पाहता येतात. तेच दाणे धुऊन पुन्हा टाकावेत, पुन्हा बुडबुडे येतात. परसल्फेटच्या बाबतीतही कार्बन काय करतो, याबद्दल गेल्या काही वर्षांत चांगले काम झाले आहे. आधी समजूत होती, की कार्बन परसल्फेटपासून जहाल मुक्त मूलके तयार करतो आणि ती प्रदूषकावर तुटून पडतात. आता दिसते, की पुष्कळदा असे काही घडत नाही. कार्बन फक्त तारेचे काम करतो. प्रदूषकाकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे आणि परसल्फेटला द्यायचे. यासाठी केलेला प्रयोग डॅनियल घट शिकविणाऱ्याला लगेच ओळखू येईल : एका पात्रात प्रदूषक, दुसऱ्यात परसल्फेट, दोन्हींत कार्बनचे विद्युतअग्र, मध्ये क्षारसेतू आणि वरून तार. दोघांची भेटही होत नाही, तरी तारेतून प्रवाह वाहतो आणि प्रदूषकाचे ऑक्सिडीकरण होते. हा आम्हाला या साऱ्या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

मात्र त्याचा एक परिणाम लक्षात घेतला पाहिजे. इलेक्ट्रॉन गमावलेले फिनॉलसारखे रेणू नेहमी तुटतातच असे नाही. ते एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात आणि कार्बनच्याच अंगावर थर साचतो. पाण्यातून प्रदूषक गेले हे खरे. पण विघटन झाले हे खरे नाही. आणि ‘जसाच्या तसा राहतो’ हे व्याख्येतले शेवटचे वाक्यही इथे डळमळते. तीच पूड दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वापरली, की तिचा जोम उतरत जातो, असे अनेक निबंधांच्या आलेखांतच दिसते. तिला तापवून पुन्हा तरतरी आणावी लागते.

आता खर्चाकडे वळू. खर्च म्हणजे येथे आम्ही रुपये म्हणत नाही, रसायन म्हणतो. उत्प्रेरक खर्च होत नाही, पण परसल्फेट होतो, ही गोष्ट ‘उत्प्रेरकाने शुद्धीकरण’ या शब्दयोजनेत झाकली जाते. फिनॉलच्या एका रेणूचे पूर्ण ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड व पाणी व्हायचे तर त्याने २८ इलेक्ट्रॉन सोडले पाहिजेत. परसल्फेटचा एक आयन घेतो दोन. म्हणजे सगळे काम परसल्फेटनेच करायचे झाल्यास एका रेणूला १४ आयन लागले. फिनॉलचे रेणुवस्तुमान ९४ आणि सोडियम परसल्फेटचे २३८ धरून गुणाकार केला, तर १ किलो फिनॉल नष्ट करायला सुमारे ३५ किलो सोडियम परसल्फेट लागते! शिवाय मागे उरते सल्फेट. लिटरला १०० मिलिग्रॅम फिनॉल असलेले पाणी अशा रीतीने पूर्ण स्वच्छ केले, तर त्यात लिटरला सुमारे २,८६० मिलिग्रॅम सल्फेट येईल. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडचे मानक २०० मिलिग्रॅमचे आहे, दुसरा स्रोत नसल्यास ४००. सांडपाणी कोणी पिणार नाही हे खरे, पण ते जाते नदीत.

याच फिनॉलवर जगणारे जीवाणू सक्रिय गाळाच्या टाकीत असतात. त्यांना १ किलो फिनॉलच्या पूर्ण ऑक्सिडीकरणासाठी फार तर २.४ किलो ऑक्सिजन लागेल, आणि तो हवेतला. हवा घुसळायला वीज लागते, एवढेच. ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. म्हणून जे जीवाणूंना पचते त्यावर नॅनोकार्बन आणि परसल्फेट खर्ची घालणे म्हणजे डासावर तोफ डागणे होय. जे त्यांना पचत नाही, उदाहरणार्थ मूत्रमार्गे सांडपाण्यात उतरणारे कार्बामाझेपिनसारखे औषध, आणि तेही जेथे अत्यल्प प्रमाणात आहे, तेथे ही पद्धत विचारात घेण्याजोगी आहे. तिथे १४ आयनांचा हिशोबही जड वाटत नाही. दुर्दैवाने निबंधांत प्रदूषक निवडले जाते ते त्याची गरज म्हणून नव्हे, तर त्याचे मोजमाप सोपे म्हणून.

मँचेस्टरवरून आठवण झाली ती ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणविणाऱ्या इचलकरंजीची. सुती कापड रंगविणाऱ्या कारखान्यातले पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळविलेला एकच रंग नव्हे. सूत रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवायचे तर रंगाच्या हौदात लिटरला कित्येक दशक ग्रॅम मीठ घालावे लागते, वर सोडा. त्यात कांजीची खळ, साबणद्रव्ये आणि कापडावर न बसलेला रंग. अशा पाण्यात पेरॉक्सिमोनोसल्फेट घातला, तर तो मिठातल्या क्लोराइडशी सरळ अभिक्रिया करून हायपोक्लोरस आम्ल बनवितो, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे काम सुरू. रंग झपाट्याने उडतो, श्रेय कार्बनला मिळते, आणि पाण्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये तयार होण्याची धास्ती उरते. पंचगंगेच्या काठच्या माणसाला ‘९९ टक्के रंग नाहीसा’ हे ऐकवायचे, तर प्रयोग त्या पाण्यावर केला की प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यावर, हेही त्याला सांगितले पाहिजे.

पूड पाण्यातून परत काढायची कशी, हा प्रश्नही आहेच. नॅनोकण साध्या गाळणीतून निसटतात. एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखविले, की लांब, ताठ नॅनोनळ्या उंदरांच्या उदरपोकळीत ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखी विकृती निर्माण करतात, आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यांतल्या एका प्रकाराची ‘मानवाला कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात नोंद केली. सगळ्याच कार्बनबद्दल हे म्हणता येत नाही. ग्राफीन वेगळे, करवंटीचा कोळसा तर फारच वेगळा.

त्या दोन मुलांना आम्ही पुढच्या आठवड्यात भेटलो. निळे स्पिरिट दाखविले. बक्षीस परत घ्यायचा प्रश्न नव्हता, चूक परीक्षकांची होती. एकाने विचारले, “सर, मग आमचा कोळसा काहीच करत नाही का?” आम्ही त्यांना चार बाटल्या भरायला लावल्या : एकीत नुसता रंग, दुसरीत रंग आणि पेरॉक्साइड, तिसरीत रंग आणि कोळसा, चौथीत तिन्ही. तिसरी आणि चौथी एकदमच रंगहीन झाल्या. दोन्हींतला कोळसा गाळून, सारख्याच स्पिरिटने, त्यात ॲसेटिक आम्लाचे दोन थेंब टाकून धुतला. दोन्ही परीक्षानळ्या खिडकीसमोर धरल्या तेव्हा चौथीचा निळा रंग किंचित फिका आहे असे एकाचे म्हणणे पडले, दुसऱ्याचे नाही. वर्णमापक शाळेत नव्हता. आम्ही वहीत दोघांचीही नोंद करायला सांगितली, आणि तक्त्यावरचे कार्बन डायऑक्साइडचे वाक्य त्यांनी स्वतःच खोडले.